माहेरच्या भाताची नोंद

१२ जानेवारी, सकाळी ६.५०
गजर साडेचारचा लावला होता. पहिला दिवस असल्यामुळे सूट.

आजपासून रोजनिशी. रसायनीच्या कंपनीत एकतीस वर्षं स्टोअर्स सांभाळलं. सात हजार आयटेम, प्रत्येकाला लेबल, एक बोल्ट कधी हरवला नाही. (एकदा एक पंप हरवला होता, पण तो माझ्या रजेत.) आता स्वेच्छानिवृत्ती. मोहोपाड्यात माणूस रिटायर झाला की भाज्या निवडायला बसतो. मी त्यातला नाही.

संकल्प: ‘किनारा ते कर्जत: खाद्यवारसा नकाशा’. कोकणचं खाणं समुद्राकडून वर कसं चढत आलं, ते कर्जत-खालापूरच्या गावोगाव शोधायचं आणि नकाशावर मांडायचं. ऑगस्टमध्ये अलिबागला एक संस्था किनाऱ्याच्या खाद्यवारशाचं प्रदर्शन भरवते आहे. त्यांचा समन्वयक ऋषिकेश, वय सव्वीस. काल त्याला माझी कल्पना चार पानं टाईप करून पाठवली. लगेच अंगठा आला. म्हणजे होकार.

बायकोनं, सुप्रियानं, विचारलं, आपल्याकडे समुद्र कुठे आहे? ती शाळेत गणित शिकवते. इतिहासाची नजर सगळ्यांनाच नसते.

१९ जानेवारी
जिल्ह्याचा नकाशा हॉलमध्ये लावला. लग्नाचा फोटो काढावा लागला, खिळा एकच होता. टाचण्या: हिरव्या म्हणजे पदार्थ मिळतो, पिवळ्या म्हणजे दुर्मिळ, काळ्या म्हणजे नामशेष. बाण लाल, सगळे समुद्राकडून आपल्याकडे. सुप्रियाचं म्हणणं, एखादा उलटा पण असेल ना. असू शकत नाही. लाल स्केचपेनानं आधीच काढून झालेत.

२ फेब्रुवारी
फील्डवर्क, कोंडाणे. लेणी बघायला आलेल्या पोरांना वारसा म्हणजे काय हे समजावलं. ती पुढे निघून गेली. गावात गोदूबाई म्हणून एका बाईकडे जेवलो. नाचणीची भाकरी, सुकटीची चटणी. सुकट कुठून आली विचारलं. म्हणाली, बाजारातून. किनाऱ्याशी थेट दुवा! हिरवी टाचणी.

मिठाचं खाऊ नका असं डॉक्टरनं सांगितलंय, पण चटणी मी खाल्ली नाही, तपासली. तीनदा.

९ मार्च, रात्रीची वाट न बघता दुपारीच
खजिना सापडला.

पोशीरला इंदूमामीकडे गेलो. नेरळच्या शाळेत होतो तेव्हा तीन वर्षं तिच्याकडे राहिलो, तिच्याच हातचं जेवलो. वय चौऱ्याहत्तर, अजून भाताच्या लावणीला उतरते. माहेर अलिबागकडचं, खाडीकाठचं. लग्नात तिच्या आईनं तिच्या ओटीत तिकडचं खारं सोसणारं लाल भात घातलं. ते तिनं इथे घरामागच्या खाचरात पेरलं आणि तेव्हापासून छप्पन्न वर्षं एकही साल न चुकता पेरते आहे. घरात त्याला माहेरचं भात म्हणतात. बाळंतिणीला त्याचीच पेज. नातू स्वप्नील टेंपो चालवतो, त्याची बायको रिया हिला ऑगस्टमध्ये दिवस भरतात. मामी म्हणाली, पोरगी झाली तर तिच्या लग्नात तिच्या ओटीत हेच घालायचं, मी नसले तरी कुणी तरी घालील.

समुद्र ते पोशीर, एक स्त्री, एक ओटी. असला बाण अख्ख्या नकाशात नाही. अंगावर काटा आला.

साठा: बियाण्याच्या दोन पायल्या, पेजेसाठी एक. मी तिन्ही मागितल्या. अर्धी बरणी प्रदर्शनात कळाहीन दिसते. मामी जरा घुटमळली. म्हणाली, दुसरीकडं कुठं नाय रं हे आता. मी म्हटलं, म्हणून तर. मग म्हणाली, पेरायच्या आत आण. आणि राख झाडू नको. रोहिणीच्या आधी आणून देतो असा शब्द दिला.

स्वप्नील टेंपोला टेकून उभा होता. काका, मूठभर पुरलं नसतं का, म्हणाला. आजच्या पिढीला डॉक्युमेंटेशन कळत नाही.

११ मार्च
मामीनं भात गोवरीच्या राखेत कालवून, वर कडुनिंबाचा पाला घालून मडक्यात ठेवलं होतं. अशास्त्रीय. संपूर्ण साठा चाळला, पुसला, कंपनीतल्या सॅम्पलच्या तीन काचेच्या बरण्यांत भरला. गॅलरी राखेनं पांढरी झाली. दाणे मात्र काय दिसतात, लालबुंद. लेबल: KKV/001. फोटो ऋषिकेशला पाठवले. अंगठा.

६ एप्रिल
कर्जत बाजार. लियाकतभाईंचं सुक्या मासळीचं दुकान, घराणं श्रीवर्धनकडचं. त्यांची आई बदरुन्निसाबी आणि इंदूमामी यांची जुनी देवाणघेवाण: पावसाळ्याच्या बेगमीच्या वेळी बीबी मामीला सुकट देते, मामी तिला शेरभर माहेरचं भात. रोज्यांत त्याची पेज करतात. यंदाचं थोडं शिल्लक आहे, अजून कांडलेलं नाही, असं बीबी बोलून गेली.

चाखल्याशिवाय नोंद अपुरी. मी तसं सुचवलं. मग पुन्हा सुचवलं. बीबीनं सगळं कांडून पेज केली, नारळाचं दूध घालून. तिथे बसूनच फॉर्म भरला. रंग: गुलाबी. पोत: जाडसर. चव: दहापैकी पाच. बीबीनं विचारलं, काय लिवलं? म्हटलं, उत्तम.

४ मे
बरणीच्या काचेवर आतून काहीतरी चालताना दिसलं. कीड. तिन्ही बरण्यांत. मामीच्या त्या राखेनं किती नुकसान केलंय हे आत्ता उघड झालं.

स्टोअर्समध्ये कीड लागली तर मी काय करायचो? ताबडतोब कारवाई.

६ मे, संध्याकाळी ७.१५
मोहीम फत्ते.

निरोप समारंभात डिपार्टमेंटनं मायक्रोवेव्ह दिला होता. आजवर त्यात फक्त पापड भाजले. आज त्याचं सोनं झालं. भात वाटीवाटीनं, फुल पॉवर. दुपारी एकपासून सातपर्यंत. पहिल्या वाट्यांना चार मिनिटं दिली तर लाह्या झाल्या. मग तीनवर आणलं. लाह्या खाल्ल्या. (नोंद: या भाताच्या लाह्या उत्तम होतात. हे आजवर कुणी नोंदवलेलं नाही.) शेवटी प्रत्येक बरणीत दोन डांबर गोळ्या.

सुप्रिया बाहेरून आली. वास घेतला. म्हणाली, मनोज, ते बियाणं आहे, त्यात जीव असतो. मी म्हटलं, किड्यात होता, आता नाही. ती खिडक्या उघडत राहिली. माझं यश तिला सहन होत नाही हे मी आधीही पाहिलंय.

२१ मे
स्वप्नीलचा फोन. रोपांच्या वाफ्याचा राब भाजून झालाय, आजी भाताची वाट बघते. दिलेला शब्द मी पाळतो. उद्या जातो.

२२ मे
गाडीची बॅटरी.

२८ मे
पोशीर. दोन बरण्या परत केल्या. तिसरी, पेजेची, प्रदर्शनासाठी ठेवून घेतली. ऑगस्टमध्ये प्रदर्शन झालं की थेट बाळंतिणीला, असं सांगितलं. मामीनं मूठभर भात नाकाशी धरलं. वास कसला रं? म्हटलं, औषध आहे, कंपनीतलं. तिनं मान हलवली. तू शिकलेला, तू काय वाईट करशील. सुपात घेऊन पेरायला गेली. मी फोटो काढले. पेरताना तिचा हात असा चालतो की दाणा दाण्यावर पडत नाही. बत्तीस फोटो, त्यातले चार चांगले.

१४ जून
स्वप्नीलचा फोन. बाकीची रोपं बोटभर झालीत, आजीचा वाफा टक्कल. एक काडी नाही.

कारणं असू शकतात. पाखरं. जास्त पाणी. कमी पाणी. बाजूच्या शेतातला युरिया. स्वप्नीलला सगळी सांगितली. तो म्हणाला, काका, शेजारचा वाफा त्याच मातीतला हाय. मी म्हटलं, म्हणजे युरियाच.

सुप्रिया जेवताना एकच शब्द बोलली. ओव्हन.

१५ जून
आरोप झाला की पुरावा द्यावा, ही माझी पद्धत. तिसऱ्या बरणीतले वीस दाणे ओल्या कापडात बांधले. चार दिवसांत मोड येतील आणि सुप्रियाला बोलायला जागा राहणार नाही.

१९ जून
वीसपैकी शून्य. कापड पॉलिएस्टरचं होतं.

२३ जून
सुती कापड. शून्य. शिवाय वास. मोहोपाड्याच्या पाण्यात क्लोरीन असतं हे लक्षात घेतलं पाहिजे. सुप्रियानं त्याच पाण्यात दुकानातले मूग भिजवले होते. त्यांना अंगठ्याएवढे मोड आलेत. तिनं ते माझ्या पानात वाढले.

२५ जून
स्वप्नीलनं सांगितलं, मामी रोज पावसात त्या वाफ्यापाशी जाऊन बसते. बोटांनी माती उकरून दाणे काढून बघते. म्हणते, माझ्या हातचं गेलं. छप्पन्न वर्षं जगवलं आणि मी मारलं. जेवण निम्म्यावर आलंय.

वाईट वाटलं. खरंच वाटलं. बराच वेळ गॅलरीत उभा राहिलो.

सुप्रिया म्हणाली, जा आणि सांग तिला. ती स्वतःला दोष देते आहे, मनोज. निदान तेवढं तरी उतरव तिच्या डोक्यावरून.

सांगणार. रविवारी. स्पष्ट, एका वाक्यात. वाक्य तयार केलं: मामी, चूक तुझी नाही, माझी आहे. सोपं आहे. आरशासमोर म्हणून पाहिलं. जरा घाई वाटते, पण जमेल.

२९ जून, रविवार
पाऊस फार. वाटेतल्या मोरीवर पाणी असणार. (गेलो नाही, पण असणार.)

४ जुलै
स्वप्नील स्वतःच बियाणं शोधायला निघाला. टेंपो घेऊन मामीच्या माहेरी गेला. तिकडचा बांध फुटून वर्षं झाली, शेतात आता कोळंबीचे तलाव आहेत. तिथल्या लोकांना असल्या भाताचं नावही आठवत नाही. मग कर्जतला लियाकतभाईंकडे गेला, अम्मीकडे शेरभर असतं म्हणून. लियाकतभाईंचा मला फोन. अगदी अदबीनं बोलले. म्हणाले, साहेब, शिल्लक होतं ते एप्रिलमध्ये तुम्हाला करून घातलं. अम्मी रडते आहे, म्हणते पावणा दारात आला, नाय कसं म्हणू? मी त्यांना सांगितलं की अम्मींचं नाव नकाशावर येतंय. ते म्हणाले, बरं.

६ जुलै, रविवार
घसा. बोलणंच अशक्य.

१३ जुलै, रविवार
अशी बातमी रविवारी देऊ नये, माणसाचा सुटीचा दिवस खराब होतो. कामाच्या दिवशी जाईन. (सुप्रियाचं म्हणणं, शेतकऱ्याला रविवार नसतो. मुद्दा लक्षात घेतला.)

२० जुलै
नकाशा पूर्ण. एकशे सहा टाचण्या. KKV/001 ची नोंद शेवटी लिहिली. स्थिती या रकान्यात आधी ‘दुर्मिळ’ लिहिलं होतं. मग वस्तुनिष्ठ विचार केला. पिवळी काढून काळी टाचणी लावली.

आणि खरं सांगायचं तर, लावताना हात जरा थरारला, दुःखानं नव्हे. अख्ख्या नकाशात काळी टाचणी ही एकच. एखादी गोष्ट संपताना तिथे हजर राहून तिची पूर्ण नोंद करणारे जगात किती असतील? फोटो आहेत, चवीचा फॉर्म आहे, लाह्यांचं निरीक्षण आहे. खाली लिहिलं: शेवटचा साठा संकलकाकडे सुरक्षित.

सुप्रियानं ते वाचलं आणि त्या रात्री माहेरी फोन करून तासभर बोलली. दार लावून.

५ ऑगस्ट
ऋषिकेशला विचारलं, माझा नकाशा कोणत्या भिंतीवर? म्हणाला, सर, आमचं प्रदर्शन समुद्राला लागून असलेल्या तालुक्यांपुरतं आहे. कर्जत-खालापूर त्यात येत नाही. तुम्हाला जानेवारीतच कळवलं होतं.

तपासलं. अंगठ्याच्या खाली आठ ओळींचा मेसेज आहे. अंगठा वर असल्यामुळे खाली जायची गरज वाटली नव्हती. मार्चमध्येही त्यानं विचारलंय, सर, हे भात पेरायला ठेवलंय ना?

या लोकांना बाहेरच्या माणसाचं संशोधन झेपत नाही. पुण्याला पाठवीन. पुण्यात समुद्राचं काही अडत नाही.

११ ऑगस्ट
रियाला मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत. मामीनं स्वप्नीलकडून निरोप धाडला, पेजेचं भात पाठव, पोरीला दूध उतराया हवं. बरणी फ्रीजवर आहे. झाकण उघडलं तर कपाटातल्या जुन्या स्वेटरचा वास येतो. कळवलं की प्रदर्शन लांबलंय, बरणी सीलबंद आहे, नियमाप्रमाणे उघडता येत नाही.

स्वप्नील बरं म्हणाला. हल्ली सगळेच मला बरं म्हणतात.

२२ ऑगस्ट
उद्या बारसं. सुप्रिया येत नाही. म्हणाली, मी आले तर मलाच सांगावं लागेल, आणि ते तुझ्या तोंडून जायला हवं. एकटा जा, सांगून ये. नाही सांगितलंस तर काय होईल ते ती बोलली नाही. तिची बॅग कपाटावरून खाली काढलेली आहे.

सांगणार. वाक्य पाठ आहे. भेट म्हणून KKV/001 चं माहितीपत्रक ए-फोर आकारात, दोन्ही बाजूंनी लॅमिनेट करून घेतलं. हे त्या मुलीच्या लग्नात कामाला येईल, भात नसलं तरी.

२३ ऑगस्ट
गेलो.

घर माणसांनी भरलेलं. मुलगी मामीच्या मांडीवर, काळीभोर, मुठी आवळलेली. मामी खूप वाळली आहे. मला बघून हसली, मन्या आला म्हणाली, शेजारच्या बायकांना सांगितलं, हा माझ्याकडंच वाढलाय. मी पत्रक दिलं. तिनं उलटसुलट करून पाहिलं. तिला वाचता येत नाही, हे माझ्या ध्यानात नव्हतं. म्हणाली, वाच रं. मी वाचलं. भाताचं नाव. तिच्या माहेरचं गाव. तिच्या आईचं नाव ऐकून तिनं पदर डोळ्याला लावला. शेवटचा रकाना मी वाचला नाही.

बायका पाळण्याकडे गेल्या. आम्ही दोघंच उरलो. अशी वेळ पुन्हा आली नसती, ते मला तेव्हाही कळत होतं.

तिनंच विषय काढला. म्हणाली, मन्या, तू शिकलेला हायस. कुणाला इचारू मी? खरं सांग रं, माझं काय चुकलं?

वाक्य तोंडात होतं. मामी इथपर्यंत मी म्हटलंसुद्धा.

मग म्हटलं, मामी, वय झालं. हात थरथरतो, दाणा खोल जातो. मग उगवत नाही.

तिनं मुलीला मांडीवर जरा सरकवलं आणि दोन्ही हात समोर धरले. बराच वेळ धरले. ते अजिबात थरथरत नव्हते. मी बघत होतो, तीही बघत होती.

मग म्हणाली, हां. आसंल. आतल्या स्वप्नीलला हाक मारली आणि सांगितलं, फुडल्या सालापासून पेरणीला तू उतर, माझा हात लागू देऊ नको.

रियाला पेज दिली ती दुकानातल्या तांदळाची. आम्हीही जेवलो. मामीनं मला आग्रह करून वाढलं, लहानपणी वाढायची तसं, आणि मी घेतलं.

साडेचारला मोहोपाडा. सुप्रिया दारातच उभी होती. विचारलं, सांगितलंस? म्हटलं, सांगितलं. काय म्हणाल्या? म्हटलं, समजून घेतलं त्यांनी. सुप्रियानं माझा हात धरला, कित्येक महिन्यांनी, आणि बॅग उचलून पुन्हा कपाटावर ठेवली.